ब्रह्मदेशाच्या रानातील पायदळी शिपाई
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्त्या, वधूवर मंडळाचे कार्य हे विषय आपल्या संमेलनात दरवर्षी होतात व ते होणे इष्टच आहे. तथापि एक विषय आपल्या अगदी उंबरठ्याच्या आतला असूनही आजवर राहून गेला आहे, असे आम्हांस वाटते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. त्यात सक्तीने भरती केलेला एकही हिंदी शिपाई नव्हता. त्या सैन्यात आपल्या पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी होते आणि त्यांपैकी कित्येक जण ब्रह्मदेशाच्या रानात लढून आले. ‘आमचे आजोबा बर्मात होते,’ एवढे वाक्य आजही आपल्या घरांतून ऐकू येते. परंतु तेथे ते नेमके काय करीत होते, हातात कोणते हत्यार होते, खाणेपिणे काय होते, असे विचारले तर उत्तर येत नाही. ते उत्तर यथामती मांडावे, हा आजचा हेतू आहे.

प्रथम हत्याराकडे पाहू. हिंदी पायदळाच्या शिपायाची रायफल ‘ली-एन्फिल्ड’ जातीची होती. तिचे वजन सुमारे ४ किलो आणि लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर. पेटीत १० काडतुसे मावत. ती पाच-पाचांच्या पत्र्याच्या पकडीतून वरून दाबून भरावयाची. त्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असे. एकाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकली तर ऐन वेळी बंदूक अडे. म्हणून पकडीत काडतुसे कशी लावायची याचीही रीत असे आणि ती रीत नवशिक्या शिपायाकडून अंधारात, डोळे मिटून करून घेत. या रायफली बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात तयार होत. काडतुसांचे म्हणाल तर आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. तेव्हा ब्रह्मदेशाच्या झाडीत जो बार उडाला, त्यातील काही काडतुसे आपल्याच मुलखातील हातांनी घडविलेली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

दहा-एक शिपायांच्या तुकडीस सेक्शन म्हणत. प्रत्येक सेक्शनमध्ये एक ब्रेनगन असे. ही हलकी मशीनगन मूळ झेकोस्लोव्हाकियातील ब्रनो गावची व पुढे इंग्लंडात एन्फिल्ड येथे तयार झालेली. दोन्ही गावांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव पडले. तिचे वजन दहा किलोंच्या आसपास. ती चालविणारा एक, पण तिची काडतुसांची पाकिटे सेक्शनमधील सर्वांनी वाहायची. कंबरेला हातबाँब. बिडाच्या कवचावर चौकोनी खाचा पाडलेला हा गोळा, खीळ काढून फेकला म्हणजे चार सेकंदांत फुटे. आणि रायफलीच्या टोकाला लावण्यासाठी संगीन. ही संगीन आरंभी १७ इंच पात्याची होती. झाडीत ती अडते असे अनुभवास आल्यावर हिंदुस्थानात १२ इंच पात्याची तयार होऊ लागली.

आता या हत्याराची रानाशी गाठ घालून पाहू, म्हणजे खरी अडचण ध्यानात येईल. रायफलीवरील नेम धरण्याच्या पट्टीवर २,००० वारांपर्यंतच्या खुणा होत्या. वायव्य सरहद्दीवरील उघड्या डोंगरांत त्यांचा उपयोग होत असेल. ब्रह्मदेशाच्या बांबूच्या बेटांत मात्र वीस-पंचवीस वारांपलीकडचे माणूस दिसत नसे. फेकलेला हातबाँब फांदीला आपटून फेकणाऱ्याच्याच पायाशी परत येई. उखळी तोफेचा गोळा झाडाच्या शेंड्यावर फुटे आणि तुकडे खाली बसलेल्यांवर पडत. गोळीचा आवाज झाडीत घुमून भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटे. शत्रूची ६.५ मिलिमीटरची रायफल लांब नळीची व हलक्या दारूची असल्याने तिच्या तोंडाशी ज्वाला फारशी दिसत नसे. त्यामुळे मारा कोठून होतो आहे हे समजणे अवघड होई. थोडक्यात, मैदानात जे गुण म्हणून मिरवतात ते रानात निरुपयोगी ठरत आणि तेथे लागणारे गुण नव्याने शिकावे लागत.

ते शिकण्यापूर्वी काय घडले, हे सांगणे भाग आहे. १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले तेव्हा आपले सैन्य मोटारींना व सडकांना जखडलेले होते. जपानी तुकड्या समोरून न येता रानातून वळसा घालीत आणि मागच्या सडकेवर ओंडके आडवे टाकून बसत. पुढे असलेल्यांना वाटे, आपण वेढले गेलो, आता माघार. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी पहाटे सितांग नदीवरचा पूल आपल्याच सैन्याने उडविला, त्या वेळी १७ व्या हिंदी डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावर होता. बूट काढून, कपडे टाकून, बांबूंच्या तराफ्यांना धरून शिपाई नदीत उतरले. जे अलीकडे पोचले त्यांची मोजदाद झाली, तेव्हा सुमारे ३,५०० पायदळी शिपायांत रायफली निघाल्या अवघ्या १,४०० च्या सुमारास. मार्चमध्ये रंगून पडले आणि मे महिन्यात उरलेले सैन्य शेकडो मैल पायी तुडवीत आसाम-मणिपुराच्या सीमेवर येऊन पोचले. आजारी, फाटके, परंतु पुष्कळ जण रायफल खांद्यावर ठेवूनच आले.

या पराभवानंतरच खरी शाळा भरली. १९४३ साली १४ वी हिंदी डिव्हिजन रानातील युद्धाच्या शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आली आणि तिचा तळ नागपूरच्या उत्तरेस छिंदवाड्याला पडला. आपापल्या रेजिमेंटच्या केंद्रात कवायत शिकून आलेला रंगरूट आघाडीवर जाण्यापूर्वी या रानात ठेवीत. त्याच साली ‘जंगल बुक’ नावाची एक लष्करी पुस्तिका निघाली. ज्या शिवनीच्या डोंगरांत किप्लिंगने आपल्या त्याच नावाच्या गोष्टी घडविल्या, ते छिंदवाड्याच्या शेजारीच आहेत, हा एक मौजेचा योग. येथे शिपायाला खाकी सोडून हिरवा पोशाख मिळाला. वाटेने न जाता होकायंत्राने चालणे, वाहत्या पाण्याचा शोध घेणे, बांबूत तांदूळ शिजविणे, झाडीत क्षणभर दिसलेल्या आकृतीवर रायफल खांद्याला लावून तत्काळ गोळी टाकणे आणि त्याहून कठीण म्हणजे गोळी न टाकता बसून राहणे, हे सारे त्याने येथे गिरविले.

गोळी न टाकता बसणे कठीण का, ते सांगतो. रात्र पडली की जपानी शिपाई खंदकांच्या जवळ येत. कोणी फटाके लावी, कोणी डबे वाजवी, कोणी हिंदुस्थानीत हाका मारी. हेतू एकच, घाबरून कोणी तरी बार काढावा. एक बार निघाला की नळीच्या तोंडची ज्वाला दिसे, ब्रेनगन कोठे आहे ते कळे, आणि खरा हल्ला तेथे येई. म्हणून आज्ञा अशी की, अंधारात रायफल झाडायची नाही. अगदी अंगावर आला तर संगीन, जवळ आला तर हातबाँब, कारण हातबाँबाने फेकणाऱ्याची जागा कळत नाही. कल्पना करा, अठरा-वीस वर्षांचा मुलगा गुडघाभर पाण्यात, जळवा लागलेल्या पायांनी खंदकात बसला आहे. हातात भरलेली रायफल आहे. दहा वारांवर पानांची सळसळ होते आहे. आणि त्याने ती झाडायची नाही. शौर्याची कल्पना आपण धावून जाण्याशी जोडतो. या मुलाने रात्रभर बोट चापावरून दूर ठेवले, त्यास काय म्हणावे, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आमच्या गावी ही आघाडी पाहिलेले एक वृद्ध नाईक होते. गावात त्यांस सारे नाईकबाबा म्हणत. ते मितभाषी होते. पण शाळेच्या ओट्यावर कधी बसले तर एखादे वाक्य बोलून जात. ते म्हणत, “मास्तर, पहिले काही दिवस रान आपल्याला बघतं, आपण रानाला बघत नाही. मग हळूहळू कान शिकतात. माकडं का गप झाली, पाखरं का उडाली, हे कळायला लागलं की मग माणूस टिकतो.” आणखी एकदा म्हणाले, “तंबाखूचा वास लांबून येतो. आमचा सुभेदार विडी ओढणाऱ्याला मारायला धावायचा, ते काय उगीच नव्हे.” शेतातून आल्यावर विळा धुवून, पुसून, तेलाचे बोट फिरवून मगच ते जेवायला बसत. घरच्यांना तो म्हातारपणाचा चाळा वाटे. तो चाळा कोठून आला असेल, हे पुढील मजकुरावरून ध्यानी यावे.

त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील रसायनामुळे बार काढल्यावर नळीत क्षार राहत आणि ते हवेतील ओल ओढून घेत. वर्षाऋतूत एका रात्रीत नळी गंजे. म्हणून रायफलीच्या दस्त्यातच एक लहान झडप असून तिच्या आत तेलाची पितळी बाटली आणि ‘पुलथ्रू’ नावाची दोरी ठेवलेली असे. दोरीच्या एका टोकास वजन, दुसऱ्या टोकास फलालिनीची चिंधी. वजन नळीतून खाली सोडावयाचे आणि चिंधी ओढून काढावयाची. पाणी मिळाले तर उकळते पाणी नळीतून ओतून क्षार धुवावयाचे. पाऊस असो, भूक असो, मित्र नुकताच पडलेला असो, हे काम चुकत नसे. खंदकात दोघे असले तर एकाने रायफल उघडली असता दुसऱ्याने आपली भरून तयार ठेवायची, दोघांनी एकदम उघडायची नाही. पहाटे आणि सायंकाळी, म्हणजे उजेड-अंधाराच्या सांध्यावर, सर्वांनी हत्यार घेऊन उभे राहायचे. ही कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. पण बोल्ट अडला आणि शत्रू आला, तर मागे दुसरी संधी नसे.

असेच दुसरे क्षुल्लक काम गोळी खाण्याचे. आम्ही औषधाच्या गोळीविषयी बोलत आहोत. १९४३ साली या आघाडीवर जखमी म्हणून मागे पाठविलेल्या एका शिपायामागे आजारी म्हणून पाठविलेले १२० होते, असे चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी पुढे आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. मुख्य आजार हिवताप. त्याखालोखाल आमांश आणि माइट नावाच्या किड्यापासून होणारा ज्वर. शत्रूच्या गोळीपेक्षा डासाची सोंड अधिक माणसे पाडीत होती. उपाय म्हणून ‘मेपाक्रिन’ नावाची पिवळी गोळी रोज द्यावयास आरंभ झाला. त्या गोळीने कातडी पिवळी पडे. तिने पुरुषत्व जाते, अशी अफवा पलटणींत पसरली आणि शिपाई ती गालात धरून नंतर थुंकू लागले. तेव्हा अधिकाऱ्यांसमोर रांगेत उभे करून गोळी गिळविण्याची प्रथा पडली. जनरल स्लिम अकस्मात रक्ततपासणी करवीत आणि ज्या पलटणीत शंभरांत पंच्याण्णवांनी गोळी घेतल्याचे आढळले नाही, तिच्या मुख्याधिकाऱ्यास दूर करीत. तीन अधिकाऱ्यांना घरी पाठविल्यावर इतरांस उमज पडली. सूर्यास्तापूर्वी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढणे हीही आज्ञाच होती. पुढील दोन वर्षांत आजाराचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि सैन्य उभे राहिले.

या शिक्षणाची परीक्षा १९४४ साली झाली. फेब्रुवारीत आराकानमध्ये आपल्या सैन्याचा एक तळ जपान्यांनी चोहोंकडून वेढला. १९४२ चा धडा असा होता की, वेढा पडला तर हटायचे. या वेळी आज्ञा उलट होती, जागा सोडायची नाही. अन्न, पाणी, दारूगोळा आकाशातून येईल. तो आला. पुढे रेशमी हवाईछत्र्या पुरेनात, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या विणून घेण्यात आल्या. तळ टिकला आणि वेढा घालणारेच उपाशी पडून मागे फिरले.

मार्चमध्ये जपानी सैन्य मणिपुरात उतरले. उख्रूलजवळ संगशक नावाचे तांगखुल नागांचे एक गाव डोंगरमाथ्यावर आहे. तेथे ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीस पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. बेळगावच्या केंद्रात कवायत शिकलेले, कोकणात आणि देशावर वाढलेले हे जवान. २० ते २६ मार्च १९४४ या दिवसांत येथे घनघोर लढाई झाली. जमीन तीन फूट खणली की खडक लागे, त्यामुळे पुरेसा खोल खंदक होईना. काटेरी तार नव्हती. पाणी अपुरे. विमानांनी टाकलेले बरेचसे सामान शत्रूच्या बाजूस पडले. मेलेली खेचरे आवारातच पडून होती. गावच्या चर्चची टेकडी दिवसातून अनेकदा हातची गेली आणि परत घेतली गेली. अखेर २६ तारखेस सायंकाळी बिनतारीवरून हुकूम आला की, वाट काढून बाहेर पडा. चालू न शकणारे जखमी मागे ठेवावे लागले. नाग गावकऱ्यांची घरे व त्यांचे प्रार्थनामंदिर या युद्धाने होत्याचे नव्हते झाले. ज्यांचे हे युद्धच नव्हते त्यांचे हे नुकसान आपण विसरू नये.

संगशक हातचे गेले, तेव्हा त्यास पराभव म्हणण्याचा मोह होतो. परंतु कोहिमाकडे निघालेल्या जपानी रेजिमेंटचे त्या टेकडीपुढे मोलाचे दिवस गेले. त्याच दिवसांत आराकानातून ५ वी हिंदी डिव्हिजन विमानांनी उत्तरेकडे हलविली जात होती. एप्रिलच्या आरंभी कोहिमाची लढाई सुरू झाली. २२ जून १९४४ रोजी इंफाळ-कोहिमा सडक मोकळी झाली. या मोहिमेत जपानी सैन्याची हानी पन्नास हजारांच्या वर झाली व त्यातील पुष्कळसे भुकेने व रोगाने गेले. अडलेला शत्रू पावसाळ्यात सापडला, तो असा.

येथे एका प्रश्नास उत्तर देणे अवश्य आहे, कारण तो आपल्यातील तरुण विचारतात. हे शिपाई परक्या सरकारचे पगारी नोकर होते; त्यांचा गौरव कशास? त्याच मोहिमेत समोरच्या बाजूस नेताजींची आझाद हिंद सेना होती आणि १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपुरात मोइरांग येथे तिने तिरंगा फडकविला. प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, दोन्ही बाजूंना आपलीच मुले होती. पलटणीत गेलेल्यांपैकी कित्येकांस तेथे भाकरीने नेले. दुष्काळी तालुक्यातल्या लहानशा रानावर चार भावांचे पोट चालत नव्हते. महिन्याची मनिऑर्डर आली की घरात दाणे येत, बहिणीचे लग्न उरके, धाकट्याच्या शाळेची फी भरली जाई. ज्या घरांनी त्या मनिऑर्डरींवर दिवस काढले, त्यांच्या नातवंडांनी ती नोकरी हलकी लेखू नये. नेताजींच्या सैनिकांपुढे आम्ही मस्तक नमवितो. आणि खंदकात बसून शेजाऱ्याच्या जिवाची राखण करणाऱ्या आपल्या आजोबांपुढेही नमवितो. एकास मान दिल्याने दुसऱ्याचा मान उणा होत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जे तेथे पडले त्यांची नावे कोठे तरी कोरलेली आहेत. रंगूनजवळ तॉक्यान येथील स्मारकावर, ज्यांची समाधी ठाऊक नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे आहेत व त्यांत बहुसंख्य हिंदी आहेत. कोहिमा येथे अग्निसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू व शीख जवानांचे वेगळे स्मारक आहे. ज्यांनी विशेष पराक्रम केला त्यांची नोंद पदकांच्या यादीत आहे. परंतु जो परत आला, ज्याने पदक मिळविले नाही, ज्याने चार वर्षे रोज नळी पुसली, पिवळी गोळी गिळली, अंधारात बोट चापावरून दूर ठेवले आणि पुढे गावी येऊन नांगर धरला, त्याची नोंद कोठे आहे? या कामांना पदक नाही, म्हणून ती इतिहासात नाहीत. ती फक्त घरच्या माणसांच्या आठवणीत आहेत. महायुद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली. ते शिपाई जवळजवळ सर्व गेले. त्यांच्या तोंडून ऐकलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ही पिढी गेली की हा धागा कायमचा तुटेल.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास आणि सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे. समाजाच्या कार्यालयात एक जाड वही ठेवावी. ज्या घरातील कोणी पलटणीत होते, त्या घराने त्यात त्यांचे नाव, गाव, पलटण, भरतीचे व सुटीचे साल लिहावे. डिस्चार्जचे पुस्तक, पदक, छायाचित्र असेल तर त्याची प्रत जोडावी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या या दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून पाहाव्यात. पिवळे पडलेले कागद रद्दीत टाकण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावेत. यापुढे एक गोष्ट अवश्य लिहावी. पराक्रमाची कथा नसेल तर नसो. ते काय खात, कशास भीत, कोणत्या सवयी घेऊन घरी आले, झोपेत काय बोलत, कोणत्या मित्राचे नाव घेत, हे लिहावे. घरातील आजींना विचारावे. मनिऑर्डरीची वाट त्यांनी पाहिली आहे, तार येईल या भीतीने दार त्यांनी उघडले आहे. त्यांची आठवण ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे व ती अधिक वेगाने पुसली जात आहे.

सुटीच्या दिवसांत आपली महाविद्यालयीन मुले-मुली दोन-दोनांच्या जोडीने घरोघर गेली तर एका वर्षात ही वही भरेल. त्यातील निवडक मजकूर पुढील स्मरणिकेत छापावा, अशी सूचना आम्ही या व्यासपीठावरून मांडीत आहो व पहिली नोंद लिहून देण्यास आम्ही तयार आहो.



जय हिंद.